समुद्राच्या फिल्ममधला तुझा आवाज

आक्का,

गेल्या गुरुवारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सातवीच्या मुलांना समुद्रावरची एक फिल्म दाखवली आणि तिच्यात तू बोलत होतीस. मच्छीमारांनी समुद्रातच सोडून दिलेल्या तुटक्या जाळ्यांत कासवं कशी अडकतात, श्वास घ्यायला वर येता आलं नाही की कशी गुदमरतात, हे तू मुलांना समजावून सांगत होतीस. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. फिल्म यंदाची आहे. तिच्यातलं एकही वाक्य तू तुझ्या तोंडानं कधी उच्चारलेलं नाहीस. हे कसं घडलं ते तुला सांगावं, आणि परवानगीच्या कागदावर खाली सही कुणाची आहे तेही सांगावं, म्हणून बसले आहे. रविवारची दुपार आहे. गणिताच्या वह्यांचा गठ्ठा तपासायचा राहिलाय, तो बाजूला सारलाय.

बोलता बोलता मी कधी "आमची आक्का" म्हणाले की शाळेतल्या नव्या शिक्षिकांना वाटतं, मोठ्या बहिणीबद्दल बोलते आहे, आईबद्दल नाही. कुरुंदवाडचे मामा तुला आक्का म्हणायचे, ते ऐकून ऐकून मीही म्हणायला लागले, आणि हा एकच शब्द तू माझ्या तोंडातून काढून टाकला नाहीस. बाकीचे सगळे काढलेस.

मी लहान होते तेव्हा तू बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होतीस. काचेमागे बसून माइकवर सांगायचीस, अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी रांगेत यावं. शाळा सुटली की मी तिथंच यायचे आणि तुझी ड्युटी संपेपर्यंत लाकडी बाकावर डबा खात बसायचे. गाड्यांची नावं तुझ्या आवाजात ऐकायला मला फार आवडायचं. शिरोळ, कुरुंदवाड, इचलकरंजी. माइक बंद झाला की त्याच तोंडानं तू खिडकीतून ओरडायचीस, "ए टवळे, चटणी सांडू नको फ्रॉकवर, धुवायला काय तुझा बा येणार हाय?" आणि रांगेतली माणसं हसायची. तू पण हसायचीस. माझ्या आठवणीत तू तेवढीच हसतेस, त्या खिडकीत.

मग एक दिवस ते सर आले. सांगलीच्या गाडीची वाट बघत ते बराच वेळ उभे होते, गाडी आली, सुटली, तरी उभेच. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज इथं वाया चाललाय." शाहूपुरीत पंपांच्या एका दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे एक काच. शाळांना दाखवायच्या फिल्म ते करायचे. कुणी कुणी काढलेलं समुद्राचं चित्रीकरण गोळा करायचं, त्याला मराठी निवेदन जोडायचं, आणि कॅसेट, पुढं सीडी, शाळाशाळांना पोचवायची. व्हेल, प्रवाळ, खारफुटी, समुद्रात जाणारा कचरा. कोल्हापुरात बसून एवढा समुद्र कशाला, असं माझ्या वडिलांनी, दादांनी, त्यांना एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "समुद्रकाठच्या मुलांना समुद्र दिसतोच, दाखवायचा तो इथल्या मुलांना." माणूस भला होता. माझा राग त्यांच्यावर नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी तुला सांगितलं, "मॅडम, 'आन' नको. 'आणि.'" तू घरी आलीस आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला चिमटा लावून कागद टांगलास. भाकरी थापताना तुझा धडा सुरू. आणि, आहे, नाही, कुठे, तिथे. मी गंमत म्हणून तुझ्यामागून म्हणायचे. थोड्याच दिवसांत कळलं की ही गंमत नाही. आपल्याकडं बाया "मी येतो", "मी जातो" म्हणतात, तूही जन्मभर तसंच म्हणत आली होतीस. आता मी "आक्का, मी खेळायला जातो" म्हटलं की तू हातातलं काम थांबवायचीस. "मुलगी आहेस ना? जाते म्हण." मी "जाते" म्हणेपर्यंत दार अडवून उभी राहायचीस. बाहेर पोरी हाका मारताहेत आणि मी दारात "जाते, जाते, जाते" म्हणते आहे.

त्या वर्षभरात घरातला तुझा आवाज गेला. तीन घरं पलीकडं ऐकू जायचा तो. टवळे गेलं, उलथ गेलं, मुडदा बसविला तुझा गेलं. त्या जागी एक हळू, धुतलेला, थंडगार आवाज आला. "जेवण वाढलं आहे. हात धुऊन घे." दादा उद्यमनगरातून लेथ चालवून यायचे, काळे हात साबणानं घासत मोरीत उभे राहायचे आणि मला डोळ्यांनी विचारायचे, आज कशी हाय? पाहुण्यांसारखे वागायला लागलो आम्ही दोघं. तू मात्र स्टुडिओत जाऊन सांगायचीस, प्लॅस्टिकची एक पिशवी समुद्रातल्या जिवाचा घास होऊ शकते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्यांवर काडी टाकून बंब पेटवायचीस. मी एकदा ते बोलून दाखवलं. तू म्हणालीस, "तुला अंघोळीला गरम पाणी हवं आहे ना?" एवढ्या शुद्ध मराठीत की मी मुकाट टॉवेल घेऊन मोरीत गेले.

आता तो दिवस. तुझ्या लेखी तो कामाचा एक दिवस असेल. मी अकरा वर्षांची होते. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांची फिल्म होती. सरांच्या डोक्यात आलं की एका लहान मुलीनं प्रश्न विचारावेत आणि तू उत्तरं द्यावीस, म्हणजे मुलं जास्त लक्ष देतील. "मुलगी कुठं शोधायची? घरातलीच आहे की," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी काचेबाहेरच्या स्टुलावर होते. आक्का, मला त्या निवेदनाचा सगळा कागद पाठ होता. तू भाकरी थापताना वाचायचीस तेव्हाच झाला होता. सरांनी मला आत बसवलं, डोक्यावर हेडफोन घातला. तो मोठा होत होता म्हणून मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. वाक्य होतं, "ताई, पिल्लांची आई कुठे गेली?" मी म्हणाले, "कुठं गेली?" सर म्हणाले, "कुठे." पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं. ते खूश झाले. "घाबरलीस काय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "न्हाय की सर! मी बोलतो की परत."

सर मोठ्यानं हसले. यंत्राशी बसलेला माणूस हसला. काचेपलीकडं तू हसली नाहीस. तुझ्या पुढ्यातला, आतल्या माणसाशी बोलायचा माइक चालूच होता हे तुझ्या लक्षात नव्हतं, का होतं? मला हेडफोनमधून, अगदी कानाच्या आत, तुझा तो सुंदर आवाज ऐकू आला. "सर, हिला नाही जमायचं. हिच्या तोंडातून गाव जाणार नाही. आपण दुसरी मुलगी बघू." चिडून म्हणाली असतीस तर मी विसरले असते. चिडली नव्हतीस. व्हेल माशाबद्दल सांगायचीस तितक्याच मायेनं म्हणालीस.

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या मुलीला घेतलं. ती आठवडाभर रोज आपल्या स्वयंपाकघरात सरावाला यायची. तू तिला पाटावर बसवायचीस. शेंगदाण्याचा लाडू द्यायचीस. "घाई नको, बाळ. आधी श्वास घे. पुन्हा एकदा म्हणू या का?" मला तू लसूण सोलायला बसवलं होतंस, उंबऱ्याच्या अलीकडं. तिला दहा दहा वेळा चुकायची मुभा होती. मला तीन वेळांत निकाली काढलंस. आणि बाळ! माझ्या आयुष्यात तू मला बाळ म्हटल्याचं मला आठवत नाही. आधी टवळे होतं, नंतर नुसतं नाव. टवळेमध्ये बाळ होतं, हे मला आता कळतं. तेव्हा ते गेलेलंच होतं.

फिल्ममध्ये ती मुलगी विचारते, "ताई, पिल्लांची आई कुठे गेली?" आणि तू सांगतेस, "आई समुद्रात परत गेली, बाळ. ती आता येणार नाही. पिल्लांना आपली वाट आपणच शोधायची असते." कासवांचं खरंच तसं असतं. अंडी घालून, वाळू लोटून मादी निघून जाते, पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती कुठं असते कुणाला ठाऊक. पुढं मी पुस्तकात वाचून खात्री करून घेतली. कासविणीला मी कधी नावं ठेवली नाहीत.

ती फिल्म माझ्या शाळेत लागली तेव्हा आमच्या बाईंनी मला उभं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, हा हिच्या आईचा आवाज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं हळूच विचारलं, "मग ती बारकी पोरगी तू व्हय?" मी मान हलवून नाही म्हणाले. ती म्हणाली, "का गं?" ह्या "का गं"चं उत्तर म्हणून मी आज वयाच्या पंचेचाळिशीत तुला हे पत्र लिहिते आहे.

दहावीला मला चांगले मार्क पडले. दादांनी पेढे आणले. तू मला छोटा टेपरेकॉर्डर दिलास, नवाकोरा, खोक्यातला. गल्लीत कुणाकडं तसला नव्हता. मी हरखून गेले. वाटलं, गाणी ऐकायला. तू म्हणालीस, "ह्यात स्वतःचं बोलणं भरायचं आणि ऐकायचं. आपण कसं बोलतो ते माणसाला बाहेरून ऐकल्याशिवाय कळत नाही." मी तो उशाशी घेऊन झोपले आणि तुझ्यावर चरफडत झोपले. पण तू सांगितलंस ते केलं. दोन वर्षं केलं. मामेभाऊ आला की मला "पुण्याच्या मावशी" म्हणून चिडवायचा, इतकी माझी जीभ साफ झाली. डी.एड.च्या मुलाखतीत मला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" कोल्हापूर सांगितल्यावर समोरच्यांना नवल वाटलं. मी घरी येऊन तुला ते सांगितलं. तू म्हणालीस, "छान." तेवढंच. जेवायला वाढलंस.

तुझ्याबद्दल एक बरी आठवण आहे, तीही लिहिते, नाहीतर म्हणशील हिनं निवडून निवडून काढलं. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. सरांनी कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या शाळेत फिल्म दाखवायचं ठरवलं आणि तुला बरोबर नेलं. दादांना सुट्टी नव्हती म्हणून मी आले. घाट उतरताना तू उलटी करून करून बेजार झालीस. शाळा समुद्राला लागूनच होती. जीपमधून उतरलीस, सुरूच्या झाडांतून चार पावलं चाललीस आणि समोर तो. मला तेव्हाच एकदम उमगलं की ही बाई इतकी वर्षं समुद्राबद्दल सांगते आहे, आणि तिनं तो आज पहिल्यांदा बघितला. तू चप्पल काढली नाहीस. पाण्याजवळ गेली नाहीस. पदर दोन्ही हातांनी धरून बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अगं आई आई, लई आवाज हाय की ह्याला!"

मी हसले. तू माझ्याकडं वळून बघितलंस. मग म्हणालीस, "खूप आवाज आहे. इथं रेकॉर्डिंग करता येणार नाही." पण मी ऐकलं होतं ते ऐकलं होतं.

फिल्म झाल्यावर एक कोळीण तुझ्याशी बोलायला आली. तिची मुलगी त्या शाळेत होती. डोक्यावरची पाटी उतरवून तिनं तुझं फार कौतुक केलं. म्हणाली, आमच्या घरातली माणसं एवढी दर्यावर जातात, पण पोरीला एवढं समजावून कुणी सांगितलं नाही. मग तिनं सहज विचारलं, तुम्ही कुठल्या होडीनं गेला होता आत? तू पदर सावरलास. "मोठ्या," म्हणालीस. मी शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर, घाट चढताना, तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बोलली नाहीस, बरं केलंस." हात घाटमाथ्यावरचं गगनबावडा येईपर्यंत तसाच होता. एवढंच. ह्याहून जवळ आपण दोघी कधी आलो नाही, आणि तेही तुझं एक खोटं झाकायला.

मग तुझा मूत्रपिंडाचा आजार, ते दवाखान्याचे महिने. मी शाळा करून यायचे, घरून डबा आणायचे. तुझ्या वॉर्डात शिरोळची एक आया होती. एक दिवस मी जिन्यात आले तर वॉर्डातून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. तो आवाज मी पंचवीस वर्षांनी ऐकत होते. "व्हय गं बाई, आमचं माहेर कुरुंदवाड, घाटाच्या वरल्या अंगाला! तू शिरोळची म्हंजे आपलीच की. आन त्या डाक्टरला सांग, सुई टोचाय येत न्हाय तर उसाला कोयता मार म्हणावं!" आया हसत होती, शेजारच्या कॉटवरची म्हातारी हसत होती. मी डबा घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आत जावंसं वाटेना. गेले तर हे थांबेल, हे मला माहीत होतं. शेवटी गेले. तू उशी नीट केलीस आणि म्हणालीस, "आलीस का? बस. ऊन फार आहे ना बाहेर?"

आयाशी तू व्हय म्हणायचीस. माझ्याशी हो. मरेपर्यंत हो. तुझं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं ते "खिडकी लावून घे" हे, आणि त्यातही एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. आयाला दहा दिवसांत जे मिळालं ते मी काय केलं असतं म्हणजे मला मिळालं असतं? माझ्या तोंडातलं गाव घालवायला तूच सांगितलंस. मी घालवलं. मग तुला बोलायला गावाकडचं माणूस पाहिजे झालं, आणि ते मी उरले नव्हते.

हे सगळं मी मागं टाकलं होतं. खरंच टाकलं होतं. दादा गेले, सर गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. मग ह्या उन्हाळ्यात सरांचा मुलगा घरी आला. वडिलांचंच काम तो करतो, आता सगळं कॉम्प्युटरवर. शाळांतल्या डिजिटल फळ्यावर थेट फिल्म लागते. "ताई," तो म्हणाला, "मी नवीन आवाज घेऊन बघितले. चांगले आहेत. पण शिक्षक लोक विचारतात, त्या जुन्या मॅडम कुठं गेल्या? मावशींच्या आवाजाची सर कुणाला न्हाय." सरांनी तुझी सगळी रेकॉर्डिंग जपून ठेवली होती. ती कॉम्प्युटरला ऐकवली की तो तुझ्या आवाजात काहीही वाचून दाखवतो. प्रवाळ पांढरे पडताहेत, सोडलेली जाळी, प्लॅस्टिकचे बारीक कण, ह्या सगळ्यावर त्याला नवीन फिल्म करायच्या आहेत. वारस म्हणून माझी परवानगी पाहिजे. "चांगल्या कामासाठीच हाय, ताई. पोरांना कळलं पायजे."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि तू म्हणालीस, "नमस्कार मुलांनो. आज आपण समुद्राच्या तळाशी जाऊ या." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला. तो म्हणाला, "काही पण टाइप करा, मावशी बोलतील. तुम्ही सांगा, काय बोलवू?"

मी म्हणाले, तू बाहेर बसून चहा घे, मी बघते. तो बिचारा कप घेऊन व्हरांड्यात गेला. मी टाइप केलं, "ए टवळे, जेवलीस काय गं?"

आक्का, ते ऐकवत नव्हतं. आवाज तुझाच, शंभर टक्के तुझा, आणि तो "ए. टवळे. जेवलीस. काय गं." असं एकेक शब्द चिमट्यात धरून उचलत होता. बातम्या सांगणाऱ्या बाईला कुणीतरी चुकीचा कागद दिल्यासारखं. मी दुसरं टाइप केलं. "लई आवाज हाय की ह्याला." तेही तसंच. कॉम्प्युटरचा काय दोष? त्याला तू जे दिलंस तेच त्याच्याकडं आहे. तुझा घरातला आवाज कुठंच भरलेला नाही. स्टुडिओत तू तो येऊ दिला नाहीस. आणि ज्या मुलीकडं दोन वर्षं टेपरेकॉर्डर होता, तिनं त्यावर रोज स्वतःला भरलं, चुकून एखादा शब्द निसटेल म्हणून एकदाही तुझ्यासमोर बटण दाबून ठेवलं नाही. दवाखान्यात तर खिशात मोबाइल होता. जिन्याजवळ भिंतीला टेकून उभी होते तेव्हाही होता.

मी त्याला आत बोलावलं आणि सही केली. त्यानं दोनदा विचारलं, "ताई, वाचून बघा, विचार करा." मी म्हणाले, विचार झाला. तुला वाटेल, मुलांसाठी केली. समुद्रासाठी केली. तसं नाही. मला त्या क्षणी असं वाटलं की हा आवाज तुझा नव्हताच कधी. तो त्यांचाच होता, त्यांनीच घडवला, त्यांचा त्यांना घेऊन जाऊ दे. माझं जे होतं ते ह्या यंत्रात नाही, म्हणजे मी काहीच देत नाही. रागानं केलेली सही आहे ती. थंड डोक्यानं आजही तीच करेन का, माहीत नाही.

आणि मग गुरुवार. हॉलमध्ये पडदे ओढले होते. आमची सातवी म्हणजे शाळेतली सगळ्यात दंगेखोर. फळ्यावर निळं पाणी आलं आणि तू बोलायला लागलीस तशी ती शंभरेक पोरं गप्प झाली. जाळ्यात अडकलेलं कासव दाखवलं. कुणीतरी पाणबुडे सुरीनं एकेक दोरी कापत होते. तू म्हणालीस, "घाबरू नकोस, बाळ. थोडाच वेळ." हे कासवाला म्हणालीस. पहिल्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात घेऊन रडत होती. फिल्म संपल्यावर मुलांनी एवढे प्रश्न विचारले की पुढचा तास गेला. जाळी कोण टाकतं, ती परत का नेत नाहीत, आपल्या पंचगंगेत टाकलेली पिशवी कुठल्या समुद्रात जाते. मी फळ्यावर नकाशा काढून दाखवला, पंचगंगा, कृष्णा, तिथून पार पूर्वेला. चांगला तास झाला. तुझ्या नसलेल्या आवाजानं मुलांवर एवढा परिणाम केला, हे मला कुठंतरी टोचत राहिलं. आपल्या घरात ज्यानं गारठा आणला त्यानं इथं ऊब दिली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं मला जमत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते उघडच आहे. मुलांच्या वह्या परत द्यायच्या आधी त्यांच्यावर ठेवत गेलेले हे कागद काढून घेतले पाहिजेत, नाहीतर कुणाच्यातरी त्रैराशिकात जातील. पण एक सांगायचं राहिलं.

हॉल रिकामा झाल्यावर आमच्या विज्ञानाच्या नवीन मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, "काय मायाळू आवाज हो! आईच बोलतेय असं वाटत होतं. कोण आहेत ह्या बाई, तुम्हाला माहीत आहे का?" मी पडदे बाजूला करत होते. त्यांच्याकडं न बघता मी म्हणाले, "नाही बाई. पुण्याच्या कुणीतरी असाव्यात."

तुला दुखवायला म्हणाले, का तुला ऐकून आनंद होईल म्हणून, हे अजून माझं मलाच कळलेलं नाही.